पुस्तकांच्या पेटीचा प्रवास

हल्ली शहरात फिरताना एक दृश्य अधूनमधून दिसते. बागेच्या फाटकाशी, एखाद्या वसाहतीच्या जिन्याखाली किंवा महाविद्यालयाच्या कुंपणाला टेकून एक लहानसे लाकडी कपाट उभे असते. वर उतरते छप्पर, पुढे काचेचे दार, आत वीस-पंचवीस पुस्तके. दाराला कुलूप नाही, वर्गणी नाही, अनामत नाही, नोंदवही नाही. हवे ते पुस्तक न्यावे, वाचून परत आणावे. त्याऐवजी आपल्या घरचे एखादे आणून ठेवले तरी चालते. बहुधा हे काम विद्यार्थ्यांनी केलेले असते. कोणी लाकूड मिळवतो, कोणी रंग देतो, कोणी घरोघर फिरून पुस्तके मागतो. मग वर्तमानपत्रात छायाचित्र येते आणि खाली दोन ओळी येतात : ‘विद्यार्थ्यांचा अभिनव उपक्रम.’

उपक्रम चांगला आहे यात वाद नाही. आमची हरकत आहे ती ‘अभिनव’ या शब्दाला. पेटीत पुस्तके घालून ती लोकांच्या दाराशी नेण्याची कल्पना दोनशे वर्षांहून जुनी आहे. ती अनेक देशांत रुजली, अनेक ठिकाणी मेली, आणि आपल्या शेजारच्या बडोद्यात तर एके काळी राज्यकारभाराचा भाग होऊन बसली होती. जे काम आपण पहिल्यांदाच करीत आहोत असे वाटते, त्यात पूर्वीच्यांनी खाल्लेल्या ठेचा माणूस पुन्हा खातो. म्हणून या पेटीचा पूर्वेतिहास आज आपल्यापुढे मांडावा असे आम्ही योजिले आहे.

स्कॉटलंडच्या पूर्व भागात हॅडिंग्टन नावाचे एक लहान गाव आहे. ‘सेल्फ हेल्प’ हे पुस्तक लिहून स्वावलंबनाचा उपदेश जगभर पोहोचविणारा सॅम्युअल स्माइल्स हा याच गावचा. पण आपला संबंध तेथल्या दुसऱ्या एका सॅम्युअलशी आहे. सॅम्युअल ब्राउन हा हॅडिंग्टनचा व्यापारी. १८१७ साली त्याने दोनशे पुस्तके जमविली, त्यांचे पन्नास-पन्नासांचे चार भाग केले, आणि प्रत्येक भाग एकेका खेड्यात नेऊन ठेवला. इथपर्यंत नवल काही नाही. पुस्तके दान करणारे सज्जन त्यापूर्वीही होते. ब्राउनची खरी बुद्धी पुढच्या पायरीत दिसते. दोन वर्षे झाली की पहिल्या खेड्याची पेटी दुसऱ्यात जाई, दुसऱ्याची तिसऱ्यात.

ही युक्ती दिसायला साधी आहे, पण तिच्यामागे खेड्यातल्या वाचकाची फार बारीक पारख आहे. पन्नास पुस्तकांचा संग्रह कितीही निवडक असो, ज्याला वाचायचे आहे तो माणूस तो एक-दोन वर्षांत संपवतो. ज्याला वाचायचे नाही त्याच्यासाठी तो वीस वर्षे तसाच पडला तरी फरक पडत नाही. त्यानंतर त्या कपाटाचे फर्निचर होते. ब्राउनने हे ओळखले की लहान ग्रंथालयाचा शत्रू चोर नव्हे, वाळवीही नव्हे, तर शिळेपणा आहे. आणि शिळेपणावर उपाय एकच, तो म्हणजे पुस्तकांना चालते ठेवणे. पन्नास पुस्तकांच्या खर्चात गावाला काही वर्षांत दोनशे पुस्तके वाचायला मिळू लागली. खर्चाची तोंडमिळवणीही त्याने मोठ्या हिकमतीने केली. नवी पुस्तके आधी वर्गणी भरणाऱ्या सुखवस्तू वाचकांना मिळत; त्यांचे वाचून झाल्यावर ती खेड्यांच्या पेट्यांत जात आणि तेथे फुकट वाचली जात. पेट्यांत धर्मपर पुस्तकांचा भरणा मोठा होता. काळच तसा होता. तरी इतिहास, प्रवास, शास्त्र हे विषयही त्याने वगळले नव्हते. १८३६ पर्यंत पेट्यांची संख्या ४७ वर गेली.

आणि १८३९ साली ब्राउन वारला. त्यानंतर ही चळवळ उताराला लागली. पुस्तके तीच होती, खेडी तीच होती, वाचकही होते. नव्हता तो पेट्या हलविणारा माणूस. हे आपण लक्षात ठेवू, कारण पुढे त्याची गाठ पुन्हा पडणार आहे.

त्याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? रत्नागिरीला १८२८ साली ग्रंथालय निघाले. पुण्यात १८४८ साली लोकहितवादींसारख्यांच्या खटपटीने ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ निघाली. तेच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. या संस्थांचे ऋण मोठे आहे आणि ते नाकारण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. पण त्यांची घडण वर्गणीदार सभासदांची होती. ज्याला वाचता येते, ज्याची ऐपत आहे आणि ज्याला त्या पायऱ्या चढण्याचा संकोच वाटत नाही, अशा माणसासाठी ते कपाट उघडत असे. उरलेला समाज पायऱ्यांच्या खाली उभा होता.

त्या पायऱ्यांखाली उतरून काम करण्याची हिंमत मुंबईत प्रथम दाखविली ती विद्यार्थ्यांनी, हे आजच्या विषयाच्या दृष्टीने विशेष सांगण्यासारखे आहे. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी आपल्या प्राध्यापकांच्या मदतीने ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. दादाभाई नौरोजी हे त्यांतलेच एक. मराठी आणि गुजराती भाषांतून ज्ञानप्रसार करण्यासाठी तिच्या स्वतंत्र शाखा निघाल्या. निबंध वाचणे, चर्चा करणे एवढ्यावर ही मंडळी थांबली असती तरी कोणी नावे ठेवली नसती. पण १८४९ साली त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या. त्यांत आपला दिवसाचा उद्योग सुरू होण्यापूर्वी, सकाळच्या वेळी, ते स्वतः बिनमोबदला शिकवीत. मुली मिळवायच्या म्हणजे घरोघर जाऊन आईबापांची मनधरणी करायची. काही घरांत स्वागत, काही घरांत दार बंद. ज्या वर्षी पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली त्याच्या पाठोपाठचे हे वर्ष. विशी-पंचविशीच्या या तरुणांनी साक्षरतेचे काम स्वतःच्या अभ्यासाइतकेच आपले मानले. पुढे जगन्नाथ शंकरशेट, भाऊ दाजी अशा थोरांनी या कामाला आधार दिला म्हणून ते टिकले. विद्यार्थ्याचा उत्साह आणि प्रौढाचा पाठिंबा अशी ती जोडी होती.

आता बडोद्याकडे वळू. येथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, कारण इतके समृद्ध उदाहरण हिंदुस्थानात दुसरे नाही.

सयाजीराव गायकवाड यांचा जन्म १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. १८७५ साली ते दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांना अक्षरओळख नव्हती. ज्याने मुळाक्षरे बाराव्या वर्षी गिरवली, त्याला अक्षर नसणे म्हणजे काय हे पुस्तकात वाचून कळावे लागत नाही. त्यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सर्व राज्याला लागू केले. त्यानंतर त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहिला, जो पुष्कळ शिक्षणखात्यांना कधी पडतच नाही. मूल चार-पाच वर्षे शाळेत जाते, वाचायला शिकते, आणि मग शेतावर जाते. घरात कागद नाही, गावात पुस्तक नाही. दहा वर्षांनी त्या मुलाला काय वाचता येते? सही करता येते, फार तर. सक्तीने शिकविलेले अक्षर पुसले जाऊ नये यासाठी ग्रंथालये हवीत, अशी त्यांची विचारसरणी होती.

अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणले. महाराजांच्या खाजगी संग्रहातील सुमारे वीस हजार ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयाच्या पायात गेले. बॉर्डन तीन वर्षे राहिला. तेवढ्यात त्याने ग्रंथालयशास्त्राचा वर्ग चालविला, खाते उभारले, आणि ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत सुरू झाले. खेड्यांसाठी एक नियम झाला. वाचनालयाचा एक तृतीयांश खर्च गावकऱ्यांनी उभारायचा, एक तृतीयांश पंचायतीने द्यायचा, एक तृतीयांश सरकारने. गावकऱ्यांनी हात हलविल्याशिवाय सरकारचा हात खिशात जात नसे. या नियमात कंजूषपणा पाहणारे पाहोत. आम्हांला त्यात शहाणपण दिसते. फुकट आलेले कपाट हे सरकारचे कपाट असते. तिसरा हिस्सा घातलेले कपाट गावाचे होते.

पण तेवढाही हिस्सा ज्या गावाला उचलवत नाही त्याचे काय? त्याच्यासाठी पेटी. लाकडाची भक्कम पेटी, आत पंधरापासून तीसपर्यंत पुस्तके आणि त्यांची यादी. गावातल्या कोणा जबाबदार माणसाने, बहुधा शाळामास्तराने, मागणी करायची. पेटी बडोद्याहून निघायची. जाण्यायेण्याचे भाडे खाते भरी. काही महिने वाचून झाली की पेटी परत, आणि दुसरी मागविता येई. हॅडिंग्टनच्या व्यापाऱ्याची युक्ती येथे एका संस्थानाच्या खात्याने उचलली. ब्राउनबरोबर जे मेले ते येथे मरणार नव्हते, कारण पेटी हलविणे हे आता एका माणसाच्या भलेपणावर अवलंबून नव्हते.

आणि ज्यांना वाचताच येत नाही त्यांना पेटीचा काय उपयोग? हा प्रश्नही त्या खात्याने टाळला नाही. ग्रंथालय खात्यातच दृश्यशिक्षणाची एक शाखा होती. जादूचा कंदील आणि चित्रपटाचे यंत्र घेऊन तिची माणसे गावोगाव जात. आधी चित्र पाहावे, मग त्याविषयी ऐकावे, मग वाचावेसे वाटावे, असा तो क्रम होता.

या साऱ्या यंत्रणेत एक नाव गुजरातेत अजून आदराने घेतले जाते, ते मोतीभाई अमीन यांचे. वसो गावचा हा माणूस. विद्यार्थिदशेपासूनच वाचनालयाचा नाद लागलेला. पुढे शिक्षक झाल्यावर त्यांनी ‘मित्रमंडळ’ या नावाने खेड्यापाड्यांत वाचनालये काढण्याचा सपाटा लावला. सरकारी ग्रंथालय खाते निघाले तेव्हा ते त्यात गेले आणि १९३९ साली वारले तोवर हेच काम त्यांच्या आयुष्याचा गाभा होते. बडोद्याच्या यशाचे श्रेय राजाला आणि अमेरिकन तज्ज्ञाला देऊन मोकळे होण्याची प्रथा आहे. आमच्या मते या शिक्षकाचा वाटा त्यांच्याहून कमी नाही. अमेरिकन तज्ज्ञ तीन वर्षांत परत गेला. मोतीभाई गावातच होते.

मुंबईतही पेटीने चाळी पाहिल्या. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावात रात्रीच्या शाळा, मोफत वाचनालये यांच्या जोडीला लीगने फिरती वाचनालयेही चालविली. बारा तास यंत्रावर उभा राहिलेला माणूस वाचनालयाच्या पायऱ्या चढायला येणार नाही, तर पुस्तकाने त्याच्या चाळीचे जिने चढावे, असा हा हिशेब होता.

आता ज्या रंगीत कपाटापासून आपण सुरुवात केली त्याचे मूळ पाहू. ते अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात आहे, आणि तेथेही पेटीचाच पूर्वेतिहास आहे. ल्यूटी स्टर्न्स नावाची एक ग्रंथपाल बाई. बोलताना अडखळत असे, पण सभांतून बोलणे तिने सोडले नाही. १८९५ ते १९१४ या काळात तिने विस्कॉन्सिनच्या बर्फाळ खेड्यांत सुमारे चौदाशे ठिकाणी फिरती ग्रंथालये पोहोचविली. त्यांतील पुष्कळ पेट्या डाकघरात, वाण्याच्या दुकानात, शेतकऱ्याच्या बैठकीच्या खोलीत ठेवलेल्या असत. १८९६ साली तेथील स्टाउट नावाच्या एका धनिक लोकप्रतिनिधीने आपल्या परगण्यासाठी अशा तीस-तीस पुस्तकांच्या पेट्यांचा खर्च स्वतः केला.

त्याच राज्यात हडसन या गावी २००९ साली टॉड बोल या गृहस्थाने आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ अंगणात एक लहान कपाट उभे केले. आई शिक्षिका होती, म्हणून कपाटाला आकार दिला एकखोली शाळेचा. शेजाऱ्यांना ते आवडले. रिक ब्रुक्स हा सहकारी मिळाला, आणि ‘लिटल फ्री लायब्ररी’ या नावाने त्याची चळवळ झाली. कार्नेगी या कोट्यधीशाने जितकी ग्रंथालये बांधली, म्हणजे अडीच हजारांवर, त्यांहून एक तरी अधिक कपाट उभारायचे असा त्यांचा संकल्प होता. तो २०१२ सालीच पुरा झाला. बोल २०१८ साली वारला. २०२० साली कपाटांची संख्या एक लाखावर गेली होती. येथे ब्राउनची गोष्ट पुन्हा घडली नाही, कारण प्रत्येक कपाटाचा सांभाळणारा वेगळा होता.

या वाढीत मुलांचा भाग मोठा आहे. २०१४ साली कॅन्सास राज्यातील लीवूड या गावी नऊ वर्षांच्या एका मुलाने घरापुढे असे कपाट लावले. नगरपालिकेने ते काढावयास सांगितले. अंगणात घरापासून सुटे बांधकाम करण्यास मनाई असा तेथला नियम. मुलगा नगरपालिकेच्या सभेत जाऊन बोलला, आणि सभेने अशा कपाटांना त्या नियमातून तात्पुरती सूट दिली. नगरपालिका कोठल्याही देशातली असो, तिचे बांधकाम खाते ओळखीचे वाटते!

पण आता कडू भाग. २०१७ साली टोरोन्टो येथील दोघा अभ्यासकांनी या कपाटांची चिकित्सा करणारा लेख लिहिला. टोरोन्टो आणि कॅलगरी या कॅनडातील शहरांत कपाटे कोठे उभी आहेत हे त्यांनी नकाशावर मांडून पाहिले. बरीचशी कपाटे सुखवस्तू वस्त्यांत निघाली, जेथे सार्वजनिक ग्रंथालय हाकेच्या अंतरावर आहे आणि घराघरांत पुस्तके आहेत. म्हणजे ज्याच्या ताटात आहे त्यालाच पुन्हा वाढले गेले. या लेखावर पुष्कळ राग निघाला. आम्हांला तो राग समजतो. चांगल्या हेतूने केलेल्या कामाचा कोणी नकाशा काढून दाखविला की वाईट वाटते. पण नकाशा खोटा ठरत नाही.

आपल्या शहरात असा नकाशा काढला तर काय दिसेल? आम्ही जी थोडी कपाटे पाहिली ती बहुतेक अशा वस्त्यांत होती जेथे रद्दीवाला दर महिन्याला पोतेभर पुस्तके नेतो. कपाटात डोकावले तर मागच्या अभ्यासक्रमाची गाइडे, कालबाह्य संगणकाची इंग्रजी पुस्तके, दिवाळी अंकांचे सुटे गठ्ठे आणि एखादी फाटकी कादंबरी. घराची सफाई झाली आणि पुण्यही लागले. यातून ज्याला नुकते वाचता येऊ लागले आहे अशा बाईने काय न्यावे? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सात वर्षांवरील शंभर माणसांत ब्याऐंशी साक्षर होती. उरलेली अठरा कपाटाशी येणार नाहीत हे उघड आहे. पण त्या ब्याऐंशींमध्येही असे पुष्कळ आहेत की ज्यांचे अक्षर वापरावाचून गंजत चालले आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली, १९६१ पासून ती राज्यभर पसरली. सारे गाव साक्षर झाले की तेथे ग्रामगौरव समारंभ होई, ग्रामदेवतेपुढे शपथ घेतली जाई. तो उत्साह खरा होता. पण समारंभाचा मंडप उतरल्यावर नवसाक्षराच्या हाती वाचायला काय राहते, हा सयाजीरावांचा प्रश्न तेथेही उरलाच. मोठ्या टायपातली, सोप्या मराठीतली, शेती, आरोग्य, हिशेब, गोष्टी अशा विषयांची पुस्तके लागतात. ती रद्दीतून मिळत नाहीत, मुद्दाम विकत आणावी लागतात.

फिरत्या पेटीची परंपरा महाराष्ट्रात आज जिवंत आहे, आणि योगायोग असा की ती नाशिककडूनच आली आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. एका पेटीत शंभर पुस्तके. देणगीदाराने पेटीचा खर्च द्यायचा, एका वाचकगटाने ती काही महिने वापरायची, मग गटांनी आपसांत पेट्या बदलायच्या. वाचकाला पैसा पडत नाही. या पेट्या तुरुंगातील बंद्यांपर्यंत गेल्या, दुबईच्या मराठी कुटुंबांपर्यंत गेल्या. विस्कॉन्सिनमध्ये कपाट रोवायला सुरुवात झाली त्याच वर्षी नाशिकमध्ये पेटी चालू लागली. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचे कारण नाही. रोवलेल्या कपाटापेक्षा चालती पेटी आपल्या परिस्थितीला अधिक मानवते असे आमचे मत आहे. निदान पेटी कोणाकडे आहे हे एका माणसाला ठाऊक असते, आणि तिच्यात काय घातले हे कोणीतरी विचार करून ठरविलेले असते.

विद्यार्थ्यांना कपाटच उभारायचे असेल तर त्यांनी ते जरूर उभारावे. पण जागा ठरविण्याआधी गावाचा नकाशा घ्यावा. जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेची भिंत, रेशनच्या दुकानाचा ओटा, दवाखान्यातील बाकाची बाजू, बांधकामावरील मजुरांची वस्ती, अशा ठिकाणी माणसे थांबतात आणि त्यांच्या हाती वेळ असतो. तेथे एखाद्याने आठवड्यातून एक संध्याकाळ बसून पोरांना मोठ्याने गोष्ट वाचून दाखविली, तर बडोद्याच्या जादूच्या कंदिलाचे काम होईल. पुस्तके परत येत नाहीत अशी तक्रार ऐकू येते. त्या वस्तीत एखादे पुस्तक परत आले नाही तर ते कोणाच्या तरी फळीवर आहे, आणि बहुधा त्या घरातले पहिलेच आहे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. परीक्षा संपल्या की मुले आपापल्या गावी जातात, शेवटच्या वर्षाची तर कायमचीच जातात, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागतो. छपराच्या फटीतून गळू लागलेल्या कपाटातील पुस्तके आठ दिवसांत फुगतात. म्हणून मे महिना उजाडण्यापूर्वी जाणाऱ्या वर्गाने खालच्या वर्गातील दोन नावे ठरवून त्यांच्या हाती पुस्तकांची यादी द्यावी, छपरावर डांबरी कागद मारून घ्यावा, आणि शेजारच्या दुकानदाराला सांगून ठेवावे की पावसाची झड आली तर दार लावून घ्या.